मदत हवी आहे: ढगात 'सरळच चाललोय' असं वाटणं वेळेत कसं ओळखायचं, आणि ते शिकवायचं कसं?

घिरटी_३६०

इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (बाहेर न दिसता उपकरणांवर उडण्याच्या परवान्याला) बसणाऱ्या वैमानिकांचा दीड तासाचा वर्ग घ्यायचा आहे. विषय स्पॅशिअल डिसओरिएंटेशन, म्हणजे विमान कसं कललंय, कुठे चाललंय याचा शरीराला चुकीचा अंदाज येणं. कानाची आकृती, भ्रमांची नावं, तीन प्रकार हे सगळं हाताशी आहे. घोडं अडतंय ते पुढे. विद्यार्थी पेपरात 'सोमॅटोग्रॅव्हिक' (वेग वाढताना नाक वर गेल्याचा भास) बिनचूक लिहितो, पण विमानात नेमकं काय दिसलं की सावध व्हायचं, असं विचारलं की गप्प होतो. म्हणून चार शंका:

१) पहिल्या प्रकारात आपण भरकटलोय हे वैमानिकाला कळतच नाही. मग त्याला 'ओळख' असं सांगण्यात काय हशील? हाताशी धरता येतील अशा खुणा कोणत्या?

२) रात्रीच्या गो-अराउंडमध्ये (उतरणं सोडून पुन्हा वर चढताना) नाक खाली दाबलं जातं, ते आकड्यांत कसं मांडावं? छोट्या ट्रेनर विमानाला ते कितपत लागू आहे?

३) 'उपकरणांवर विश्वास ठेवा' हे ठीक. पण उपकरणच खोटं बोलत असेल तर?

४) सिम्युलेटर नसताना जमिनीवर काय दाखवता येईल?

'ढगात शिरूच नका' हे पहिल्याच मिनिटात सांगून होणार आहे, तेव्हा कृपया त्यापुढचं लिहा.

---

श्रुतिपटल

पहिल्या शंकेचं उत्तर कानातच आहे, आणि ते जरा निराश करणारं आहे. अर्धवर्तुळाकार नलिकांना फिरणं कळत नाही, फिरण्याच्या वेगातला बदल कळतो. नलिकेतलं द्रव मागे राहतं, जेलीसारखा पडदा वाकतो आणि मेंदूला 'वळतोय' असा निरोप जातो. तोच वेग १०-२० सेकंद टिकला की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतं, पडदा सरळ होतो आणि निरोप थांबतो. विमान मात्र वळतच असतं.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. सेकंदाला साधारण २ अंशांहून हळू गिरकी कानाला जाणवत नाही. आता हिशोब करा: नकाशा बघताना पंख सेकंदाला १ अंश या गतीने कलत गेला, तर २० सेकंदांत २० अंश बँक (बाजूला कलणं) होते आणि शरीराला पत्ता नसतो. मग वैमानिकाचं लक्ष जातं आणि तो झटकन पंख सरळ करतो. ही गती उंबरठ्याच्या वरची असल्यामुळे कान फक्त तीच नोंदवतो आणि सरळ विमानात बसून उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. यालाच लीन्स म्हणतात. सगळ्यात जास्त आढळणारा भ्रम हाच.

वर्गात इतकं ठसवा की चक्कर येणं, गरगरणं ही डिसओरिएंटेशनची मुख्य खूण नाही. जीवघेण्या प्रसंगांत बहुतेकदा सगळं छान, स्थिर वाटत असतं. त्यामुळे 'मला कसं वाटतंय' याच्यावर आधारलेली कुठलीही तपासणी कामाची नाही.

---

क्षितिजरेघ

वरच्याला पूर्ण सहमत. म्हणूनच खुणा शरीराबाहेर शोधायच्या.

सर्वांत आधी हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, बोलतं. १०० नॉट वेगाला २० अंश बँक म्हणजे सेकंदाला जवळपास ४ अंश वळण. १० सेकंद नजर चुकली की हेडिंग ४० अंशांनी सरकलेलं. विद्यार्थ्याला सांगा: तुम्ही न वळवता हेडिंग १० अंशांनी हललं, तर 'वारा असेल' म्हणू नका. वाऱ्याने ट्रॅक (जमिनीवरचा मार्ग) सरकतो, हेडिंग नाही. हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण अर्ध्या वर्गाचा इथेच घोटाळा असतो.

मग आवाज. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) पंख्याच्या विमानात थ्रॉटलला हात न लावता आरपीएम चढत असेल आणि वाऱ्याचा आवाज वाढत असेल, तर नाक खाली गेलंय. शरीर काहीही सांगो.

तिसरं, ट्रिम, म्हणजे हाताने जोर न लावता विमान स्थिर राहील अशी जुळणी. सरळ उडण्यासाठी ट्रिम केलेल्या विमानात उंची धरायला अचानक जोर लावून ओढावं लागतंय, तर आधी बँक बघा. ग्रेव्हयार्ड स्पायरल नेमकं इथे सुरू होतं. उंची घटताना दिसते, वैमानिक ओढतो, पण पंख कललेले असल्यामुळे त्या ओढण्याने वळणच आवळतं. वेग वाढतो, उंची आणखी घटते आणि तो आणखी ओढतो. सुटकेचा क्रम म्हणून पक्का: पॉवर कमी, पंख सरळ, त्यानंतरच नाक हळूच वर. नाक वर असताना आणि वेग घटत असताना उलट: पॉवर वाढवा, नाक खाली, पंख सरळ.

शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला दिसतात त्या खुणा निराळ्या. मान एका बाजूला झुकलेली, योक (सुकाणू) मुठीत आवळलेला, नजर एकाच उपकरणावर चिकटलेली, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) उत्तर उशिरा किंवा अर्धवट. यातल्या दोन एकत्र दिसल्या की 'काय झालं?' असं विचारत बसू नये. आकडा बोलावा: 'बँक ३०, डावीकडे.' गोंधळलेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो आपल्या संवेदनेतच उत्तर शोधायला जातो. आकडा ऐकला की नजर उपकरणाकडे वळते.

---

टर्न_अँड_बँक

शंका २ आणि ३ घेतो.

कानातल्या ऑटोलिथला (तोल सांगणाऱ्या सूक्ष्म खड्यांना) वेग वाढणं आणि मागे कलणं यातला फरक करता येत नाही. दोन्हींत त्याच्यावरचं बल मागेच झुकतं. गो-अराउंडमध्ये जेट १० सेकंदांत १३० वरून १७० नॉटवर गेलं असं धरा. ४० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे २०.६ मीटर, १० ने भागा, प्रवेग २.०६, म्हणजे ०.२१ जी (गुरुत्वाकर्षणाचा सुमारे पाचवा भाग). याचा व्यस्त टँजंट सुमारे १२ अंश. नाक प्रत्यक्षात ८ अंश वर असताना शरीर २० सांगतं. बाहेर काळोख, क्षितिज नाही. हात आपसूक पुढे जातो. नाक खाली गेलं की वेग आणखी वाढतो, भ्रम आणखी गडद होतो. जोरात दाबलं तर शरीर हलकं होऊन मागे उलटल्याचा भास होतो आणि माणूस आणखी दाबतो. बहरीनला २३ ऑगस्ट २००० रोजी गल्फ एअरचं ए-३२० गो-अराउंडनंतर रात्री समुद्रात गेलं, १४३ जण गेले. त्या चौकशीत या भ्रमाची चर्चा आहे.

ट्रेनरसाठी तोच हिशोब: १० सेकंदांत ६० वरून ८० नॉट म्हणजे ०.१ जी, सुमारे ६ अंश. कमी आहे, पण शून्य नाही. आणि ५०० फुटांवरून नाक खाली गेलं तर वेळ किती उरतो ते फळ्यावर काढून दाखवा. उपाय एकच: गो-अराउंडच्या आधीच ठरलेला पिच (नाकाचा कोन) आणि पॉवर. ऍटिट्यूड इंडिकेटरवर (कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणावर) तो पिच लावायचा, उंची वाढतेय हे अल्टिमीटरवर बघायचं, आणि हे होईपर्यंत फ्लॅप, रेडिओ यांच्यासाठी मान वळवायची नाही.

उपकरण खोटं बोलण्याबद्दल. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ७४७ 'सम्राट अशोक' मुंबईहून उडाल्यावर दोनेक मिनिटांच्या आत समुद्रात कोसळलं, २१३ मृत्यू. कॅप्टनचा ऍटिट्यूड इंडिकेटर बिघडून उजवी बँक दाखवत राहिला आणि काळोख्या समुद्रावर तो विमान डावीकडे कलवत गेला. म्हणजे 'उपकरणांवर विश्वास' हे वाक्य अर्धवटच आहे. विश्वास ठेवायचा तो उपकरणांच्या आपसातल्या मेळावर, एकट्या उपकरणावर नाही.

मेळ असा: ऍटिट्यूड बँक दाखवतोय, पण हेडिंग हलत नाही आणि टर्न कोऑर्डिनेटरही (वळण्याची दिशा आणि वेग दाखवणारं उपकरण) सरळ, तर दोघांविरुद्ध एक. तो एक खोटा. पंप बंद पडल्यावर व्हॅक्युमवर (पंपाने हवा खेचून) चालणारा जायरो, म्हणजे उपकरणातला भोवरा, एकदम आडवा होत नाही, मिनिटामिनिटाने कलतो, आणि वैमानिक त्याच्यामागे मुकाट्याने विमान कलवतो. म्हणून सक्शन गेज (पंपाची ओढ दाखवणारा डायल) स्कॅनमध्ये, म्हणजे नजरेच्या फेरीत, हवंच, आणि बहुतेक ट्रेनरमध्ये टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो हे माहीत हवं. खोटा ठरलेला डायल तात्काळ झाका, चिकटपट्टीने किंवा कागदाने. डोळ्यांसमोर असला की नजर तिथेच जाते. मनाने 'दुर्लक्ष करेन' म्हणणं चालत नाही.

आणि हे सगळं टॅक्सीतच तपासता येतं. वळताना ऍटिट्यूड इंडिकेटर ५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये, टर्न कोऑर्डिनेटरने वळणाची दिशा दाखवावी, त्यातली गोळी उलट्या बाजूला जावी, हेडिंग कंपासशी जुळावं. अर्ध्या मिनिटाचं काम.

---

वातकुक्कुट

'१७८ सेकंद' हा आकडा वर्गात येणारच, म्हणून आधीच सांगतो. तो १९५४ च्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगातला. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले २० जण होते आणि नियंत्रण सुटायला लागलेला वेळ सरासरी १७८ सेकंद. पण पल्ला २० पासून ४८० सेकंदांपर्यंत होता. 'आपल्याकडे तीन मिनिटं आहेत' असा अर्थ विद्यार्थी काढतात, तो साफ चुकीचा. एकाची तर २० सेकंदांतच गत झाली. त्या प्रयोगातली उपयोगी बाब वेगळी आहे: त्याच लोकांना ठरावीक पायऱ्यांनी १८० अंश वळून बाहेर पडायला शिकवल्यावर जवळपास सगळ्यांना ते जमलं.

त्या पायऱ्यांचं आजचं रूप: ढगात शिरल्याचं कळताच नजर ऍटिट्यूडवर, पंख सरळ, पॉवर आहे तशी, हात सैल. काही सेकंद काहीही करू नका. हेडिंग वाचा, उलटं हेडिंग मोठ्याने उच्चारा. मग स्टँडर्ड रेटने, सेकंदाला ३ अंश, वळा. १८० अंशांना एक मिनिट लागतं. बँक किती, तर नॉटमधल्या वेगाच्या दहाव्या भागात ५ मिळवा: १०० नॉटला १५ अंश. समोर डोंगर असेल तर अर्थातच आधी उंचीचा विचार. ऑटोपायलट असेल तर लावा, पण आधी ट्रिम करा आणि लावल्यावर तो खरंच हेडिंग धरतोय का बघा.

एटीसीने या मिनिटात फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली तर 'अनेबल' (जमणार नाही) म्हणायला शिकवा. संकोचापायी लोक खाली वाकून नॉब फिरवतात.

---

घिरटी_३६०

सगळ्यांचे आभार, अर्ध्याहून जास्त वर्ग उभा राहिला. दोन उपप्रश्न. खाली वाकण्याचा मुद्दा कोरिओलिसशी जोडता येईल ना? आणि दुसऱ्या प्रकारात, म्हणजे कळलंय पण हात ऐकत नाहीत अशा वेळी, काय सांगायचं?

---

श्रुतिपटल

हो, तोच. वळण चालू असताना मान झटकन खाली किंवा बाजूला नेली की दुसऱ्या प्रतलातली नलिका एकदम वळणात येते, आणि तिसऱ्याच दिशेला गडगडल्यासारखं वाटतं. नियम असा शिकवा: आधी डोळे फिरवा, डोके नंतर, आणि डोके फिरवायचं ते पंख सरळ असताना. पडलेली पेन्सिल पडू द्या, खिशात दुसरी ठेवा.

हात ऐकत नाहीत त्याला 'जायंट हँड' म्हणतात. योक कोणीतरी धरून ठेवल्यासारखा वाटतो. क्षणभर योक सोडा, मग मूठ न वळता अंगठा आणि दोन बोटांनीच धरा. ट्रिम केलेलं विमान तेवढ्यात बिघडत नाही. दोघे वैमानिक असतील तर नियंत्रण शेजाऱ्याला द्या, मात्र त्यालाही तोच भ्रम असू शकतो. घेणाऱ्याने आधी ऍटिट्यूड वाचावा, मग 'माझ्याकडे' म्हणावं.

प्रात्यक्षिकाला बॅरनी खुर्ची (हे भ्रम दाखवण्यासाठीची खास फिरती खुर्ची) नसेल तर गुळगुळीत बेअरिंगची ऑफिसची फिरती खुर्ची चालते. पाठ सरळ, पाय टेकवायला जागा, डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडसेट. पंख्याचा वारा किंवा कुणाचं बोलणं एका बाजूने आलं की प्रयोग फसतो, तेव्हा पंखा बंद आणि वर्ग चिडीचूप. अंगठ्याने फिरण्याची दिशा दाखवायला सांगा. चार-पाच सेकंदांना एक फेरी, धक्का न देता. २०-३० सेकंदांत बहुतेकांचा अंगठा सरळ वर येतो, म्हणजे 'थांबलो'. मग खुर्ची अलगद थांबवा. अंगठा उलट दिशा दाखवतो आणि वर्गात हशा पिकतो. त्याच वेळी पट्टी काढा आणि डोळे बघायला सांगा, बुबुळं थरथरत असतात.

हनुवटी छातीला लावून फिरवायचं आणि मग मान वर करायची, हा कोरिओलिसचा प्रयोग अगदी शेवटी, एकाच स्वयंसेवकावर. दोघांनी खांदे धरावेत, कारण माणूस खुर्चीतून खरोखर फेकला जातो. सर्दी, कानाचं दुखणं किंवा मानेची तक्रार असलेल्याला बसवू नका, आणि नुकतं जेवलेल्यालाही नाही.

एक राहिलं: दारू. रक्तातलं प्रमाण शून्यावर आल्यानंतरही कानातला पडदा आणि द्रव यांच्या घनतेतला फरक काही तास टिकतो. श्वासाची चाचणी पास झालेला वैमानिकही रात्री मान वळवताना जास्त सहज गडबडतो. झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचा मुद्दाही याच खणात टाका.

---

क्षितिजरेघ

वर्गात वेळ उरला तर ब्लॅक होल अप्रोच घ्या, कारण त्यात कान अजिबात गुंतलेला नाही आणि विद्यार्थी ते विसरतात. अंधाऱ्या मुलखापलीकडे एकटी रनवे दिसते, आपण उंच आहोत असं वाटतं, आणि उतरण्याचा मार्ग नकळत खाली झुकतो. उपाय आकड्यांचा: ३ अंशांच्या मार्गाला दर नॉटिकल मैलाला साधारण ३०० फूट. ३ मैलांवर रनवेपेक्षा ९०० फूट वर, २ मैलांवर ६००. डीएमई (अंतर सांगणारं रेडिओ केंद्र) रनवेच्या टोकाशी नसेल तर तो फरक हिशोबात धरायला सांगायला विसरू नका.

आणि ढगात स्ट्रोब (विमानाचे लखलखणारे दिवे) बंद. पांढऱ्या भिंतीवर ते लखलखत राहिले की डोळेही कानांच्या बाजूने फितूर होतात.