'केटी' छापावे की नाही?

प्रश्न : मुद्रितवाचक

मी एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीसाठी मुद्रितशोधन करतो. मध्यंतरी एकाच पानावर दोन बातम्या आल्या. एकीचा मथळा 'केटीला गळती, शेतकरी हवालदिल' असा होता आणि दुसरीचा 'केटी लागलेल्या विद्यार्थ्यांचे निवेदन' असा. मुंबईहून नव्याने आलेल्या आमच्या सहकाऱ्याने पहिला मथळा वाचून नापास विद्यार्थी शिक्षण सोडून जात असल्याची बातमी आहे असे गृहीत धरले. शिक्षणातही 'गळती' असतेच, त्यामुळे त्याला फारसा दोष देता येत नाही. ही संज्ञा कोणकोणत्या अर्थांनी चालते आणि विस्तार न करता ती छापणे योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : पाटकरी

आपल्या पहिल्या बातमीतील केटी म्हणजे 'कोल्हापूर टाइप वेअर'. सरकारी मराठीत याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' आणि संक्षेपाने 'को.प. बंधारा' म्हणतात, पण गावात हे दोन्ही शब्द कोणी उच्चारत नाही. 'केटीवर मासे धरायला गेलाय', 'केटीवरून पलीकडे गेलं की जवळ पडतं' अशीच भाषा असते, कारण पुष्कळ बंधाऱ्यांच्या खांबांवर फरशी टाकलेली असते आणि दोन्ही काठांची माणसे तिचाच पूल म्हणून वापर करतात.

याची रचना समजली की 'गळती'ही समजते. नदीच्या पात्रात ठरावीक अंतराने दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारलेले असतात आणि त्यांच्या कडांना उभ्या खाचा ठेवलेल्या असतात. पावसाळ्यात या खाचा रिकाम्या राहतात, त्यामुळे पूर आणि त्याच्याबरोबरचा गाळ फारसा न अडता निघून जातो. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या सुमारास, खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, टाकून पाणी अडवले जाते. साठा नदीच्या पात्रातच होत असल्याने मोठ्या धरणासारखी जमीन बुडत नाही, आणि काठचे शेतकरी पंप लावून पाणी उचलतात. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन ओळी लावून मधल्या जागेत माती ठासत असत; आता बरगे लोखंडी असतात आणि त्यांच्या कडेला रबरी पट्टी असते. ही पट्टी झिजली किंवा बरगा वाकला की फटीतून पाणी सुटते, आणि उन्हाळ्यासाठी राखलेला साठा त्याआधीच संपतो. बरगे चोरून भंगारात विकले जाण्याचा त्रास वेगळाच.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पुराची पातळी मोजतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या भागातील वाचकाला 'बंधारा पाण्याखाली' एवढे दोन शब्द पुरेसे होतात.

उत्तर : जुनी पदवीधर

दुसऱ्या बातमीतील केटी ही 'एटीकेटी'ची शेपटी आहे. मूळ इंग्रजी शब्द 'अलाउड टू कीप टर्म्स' असे आहेत; काही विषय राहिले असले तरी विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसण्याची मुभा, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणजे मुळात ही सवलत आहे. दहावीत एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्यांना अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो, तोही याच नावाने.

बोलण्यात मात्र 'मुभा' सांगणारा सुरुवातीचा अर्धा भाग ('एटी') गळाला आणि उरलेल्या केटीला आपण 'लागणे' हे क्रियापद जोडले. मराठीत दंड लागतो, ठेच लागते, दृष्ट लागते. त्याच रांगेत केटीही लागू लागली. ती 'सुटते' किंवा 'निघते', तेव्हा घरात सुटकेचा निःश्वास टाकतात. 'मला केटी मिळाली' असे म्हणणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही, वास्तविक नियमाप्रमाणे तेच बरोबर ठरले असते. पुण्याकडे अभियांत्रिकीची मुले याच अर्थी 'बॅक' म्हणतात, आणि सवलतीच्या मर्यादेपेक्षा जास्त विषय राहून वर्षच गेले तर 'वायडी', म्हणजे 'इयर डाऊन'.

जाता जाता एक गंमत. जुन्या ग्रंथांत 'के. टी.' आढळले तर ते काशीनाथ त्र्यंबक तेलंग असण्याचा संभव आहे. न्यायमूर्ती तेलंग १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. त्यांच्या आद्याक्षरांना त्याच विद्यापीठात पुढे हा अर्थ चिकटावा, हा निव्वळ योगायोग आहे.

उत्तर : हिंजवडीकर

आमच्या संगणक क्षेत्रात केटी 'लागत' नाही, ती 'देतात' आणि 'घेतात'. नोकरी सोडणाऱ्याने आपले काम मागे राहणाऱ्याला समजावून सांगणे, म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर'. ऐकणाऱ्याने तेच उलट समजावून दाखवले की 'रिव्हर्स केटी'. देणाऱ्याचे मन तोवर नव्या नोकरीत पोहोचलेले असल्याने या केटीतही गळती भरपूर असते.

उत्तर : सराफकट्टा

दागिन्यांच्या पावतीवर '२२ केटी' छापतात, ते कॅरट. शुद्ध सोन्याचे २४ भाग धरले तर त्यांतील २२, म्हणजे हजारी ९१६. म्हणूनच हॉलमार्कवर कॅरटाच्या शेजारी ९१६ हा आकडा असतो. आकड्याशिवाय हा अर्थ कधीच येत नाही, त्यामुळे आपल्या मथळ्यांना त्याची भीती नाही.

प्रतिसाद : मुद्रितवाचक

सर्वांचे आभार. म्हणजे क्रियापद पाहिले की अर्थ बहुधा कळतो, पण मथळ्यात क्रियापदच गाळलेले असते. यापुढे परीक्षेच्या बातमीत 'एटीकेटी' असे पूर्ण छापावे आणि नदीच्या बातमीत 'केटी बंधारा', असे मी सुचवणार आहे. पाटकरी यांचे यावर काय म्हणणे आहे?

उत्तर : पाटकरी

चालेल, पण मथळ्यात जागा नसेल तर 'केटी' गाळा आणि 'बंधारा' ठेवा. कोणता बंधारा ते गावाच्या नावावरून आमच्या लोकांना कळते. आणि बातमीदाराला एवढे जरूर विचारा, की गळती बरग्यांतून आहे की खालच्या पायातून. बरगा बदलता येतो, पायाच्या दुरुस्तीला पात्र कोरडे व्हावे लागते, आणि शेतकरी हवालदिल व्हायचे की नाही ते त्यावरच ठरते.