मदत हवी आहे: सीमेक ४.० वर बिल्ड अडतोय. एक ओळ बदलून भागवावं की मांडणीच नव्याने करावी?

नमस्कार मंडळी,

सी प्लस प्लसमधली एक ओपन सोर्स लायब्ररी मी सांभाळतो. तिचा बिल्ड सीमेक या टूलने होतो. त्याला सूचना देणाऱ्या सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये अगदी वरच सीमेकची किमान आवृत्ती २.८ लिहिलेली आहे. २०२५ मध्ये सीमेक ४.० आलं, त्यात ३.५ च्या आधीचा सपोर्ट काढला गेला आणि तेव्हापासून आमचं कॉन्फिगरच (बिल्डची पहिली पायरी) होत नाही. लोक कमांड लाइनवर 'सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम' ३.५ देऊन वेळ भागवतायत. पण आमच्या फाइलचा भार प्रत्येकाने आपल्या स्क्रिप्टमध्ये का वाहायचा?

एकाने २.८ चं ३.५ करणारी पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) पाठवली. सीआय, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणारा बिल्ड आणि टेस्ट, हिरवं. मर्ज करण्याआधी इन्स्टॉल करून पाहिलं, तर पीकेजी-कॉन्फिगच्या (इतर प्रोजेक्टना लायब्ररीची माहिती देणाऱ्या टूलच्या) फाइलमध्ये व्हर्जनपुढे काहीच नाही! किमान आवृत्ती वाढवली की तोवरच्या सगळ्या पॉलिसी (सीमेकने जुनं की नवं वागावं हे ठरवणारे नियम) नव्या पद्धतीने वागू लागतात. आमच्याकडे 'प्रोजेक्ट_व्हर्जन' हे 'प्रोजेक्ट' कमांडच्या आधी सेट केलंय. सीएमपी००४८ पॉलिसीनुसार त्या कमांडमध्येच व्हर्जन दिलं नाही तर व्हेरिएबल कोरं होतं. टेस्टना याचा पत्ताच लागत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. हेडर फाइल कुठे शोधायच्या ते सांगणारं 'इन्क्लूड_डिरेक्टरीज' सगळ्यांसाठी एकदाच वर लिहिलंय, त्यामुळे कुठल्या टार्गेटला (बिल्डमधून तयार होणाऱ्या लायब्ररीला किंवा प्रोग्रामला) कुठले हेडर लागतात हे फाइल वाचून कळत नाही. आमचा बिल्ड होतो, पण 'फाइंड_पॅकेज' (इन्स्टॉल केलेली लायब्ररी शोधणारी सीमेकची कमांड) करून लायब्ररी घेणाऱ्याला हेडर सापडत नाही. तक्रार आली की आणखी एक 'इफ' वाढतो.

मला मांडणी बदलायची मनापासून इच्छा आहे. पण डिस्ट्रोंचे (लिनक्सच्या वितरणांचे) पॅकेजर आमच्या ऑप्शनच्या नावांवर विसंबून आहेत, त्यांचं काम मोडायचं नाही. कुणी हे केलंय का? सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १

दोन्ही करा, पण वेगवेगळ्या रिलीजमध्ये. आधी व्हर्जन 'प्रोजेक्ट' मध्ये हलवा आणि किमान आवृत्ती ३.१०...३.३१ अशी रेंज द्या. ३.५ वर थांबलात तर ३.१० च्या खालच्यांना मिळणारी डेप्रिकेशनची (सपोर्ट पुढे काढला जाणार, अशी) वॉर्निंग पुढ्यात आहेच. हा पॅच लगेच सोडा, लोक अडकलेत.

मग एकेक टार्गेट घ्या. त्याला 'टार्गेट_इन्क्लूड_डिरेक्टरीज' लावा, पब्लिक (वापरणाऱ्यालाही लागणारं) काय आणि प्रायव्हेट (फक्त आत लागणारं) काय ते ठरवा. वरची सामाईक ओळ सगळ्यात शेवटी काढा. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर कंपाइल_कमांड्स.जेसन (प्रत्येक फाइल कुठल्या कमांडने कंपाइल होते त्याची यादी) तयार करून डिफ पाहा. फ्लॅग कुठे बदलला ते तिथे लगेच दिसतं. ऑप्शनच्या नावांना हात लावू नका. मेसॉन या दुसऱ्या बिल्ड टूलवर जायचा विषय कुणी काढला तर आत्ता नको म्हणा.

सीआयमध्ये एक जॉब हवाच: लायब्ररी रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायची आणि एक चिमुकला प्रोजेक्ट 'फाइंड_पॅकेज' ने तिच्यावर बांधायचा.

धागाकर्ता

मनापासून आभार. तो जॉब आधी टाकतो, तो लाल दिसला की मगच टार्गेटना हात घालतो. एक शंका: इन्स्टॉल झाल्यावरचा हेडरचा पाथ सोर्समधल्यापेक्षा वेगळा आहे. त्यासाठी बिल्ड_इंटरफेस आणि इन्स्टॉल_इंटरफेस ही जनरेटर एक्स्प्रेशन्स (बिल्डच्या वेळी एक आणि इन्स्टॉलनंतर दुसरा पाथ देणारी) वापरायची ना?

प्रतिसाद १

हो, तीच. सोर्सचा पाथ एक्सपोर्ट झालेल्या फाइलमध्ये गेला तर सीमेक स्वतःच एरर देतं.