मदत हवी आहे : बाल्टिमोरला अर्ज करायचाय, संशोधनाचं पद की उपकरणाचं?

नमस्कार मंडळी. पीएचडी संपत आलेल्या एका विद्यार्थिनीसाठी विचारतोय. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये (हबल आणि वेब या अवकाश दुर्बिणींचं विज्ञान-कामकाज इथूनच चालतं) खगोलशास्त्रज्ञाच्या पदावर स्वतःचं संशोधन आणि दुर्बिणीचं काम दोन्ही सांभाळावं लागतं. उपकरण-गटातल्या पदांवर कॅलिब्रेशन (उपकरणाची मोजमापं तपासून दुरुस्त करणं) आणि दुर्बीण वापरणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना मदत हेच मुख्य काम, संशोधनाला वेळ कमी.

तिचं काम भारताच्या खगोल-उपग्रहाच्या, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीवर आहे. त्या दुर्बिणीचा डिटेक्टर एकेक फोटॉन (प्रकाशकण) मोजतो. हबलच्या एसीएस या कॅमेऱ्यावर मात्र सीसीडी (प्रकाशाचा विद्युतभार साठवून तो शेवटी वाचणारी चिप) आहे. 2002पासूनच्या किरणोत्सर्गाने त्यात सापळे तयार झालेत, वाचताना विद्युतभार त्यांत अडकतो, आणि वाचन-अ‍ॅम्प्लिफायरपासून लांबचा तारा खऱ्यापेक्षा मंद दिसतो, मागे शेपटी सोडतो. हा अनुभव तिच्याकडे नाही. पायथन मात्र पक्कं आहे.

उपकरण-गटाच्या मुलाखतीत नेमकं काय तपासतात? एसीएसच्या सार्वजनिक डेटावर शेपटी-दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची तेजस्विता मोजून, कोड गिटहबवर ठेवला तर वजन पडेल का? की वेबची पाइपलाइन (डेटावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) शिकणं जास्त उपयोगाचं? मला पहिलं पटतं, कारण त्यात डिटेक्टर कळल्याचं दिसतं. आणि उपकरण-गटातून पुढे खगोलशास्त्रज्ञाच्या पदावर कुणी गेलंय का? तिथे काम केलेल्यांनी जरूर लिहा.