युद्ध, मंदी आणि घटलेलं प्रदूषण: सीरियाचं काय समजायचं?

वाटसरू: २०११ नंतर सीरियातल्या शहरांवरचं प्रदूषण घटलं असं वाचलं. जाळपोळ, बॉम्बफेक चालू असताना घटेल कसं? मोजण्यातच घोळ नाही ना?

धूलिकण: घोळ नाही. 'ऑरा' उपग्रहावरचं 'ओमी' हे उपकरण २००४ पासून हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड मोजतंय. हा वायू मुख्यतः गाड्या, वीजकेंद्रं आणि कारखान्यांतून निघतो आणि काही तासांत विरतो, म्हणून जिथला असतो तिथेच सापडतो. स्फोटाचा धूर येतो-जातो, शहराची रहदारी मात्र रोजची. दमास्कस आणि अलेप्पोवर हा वायू २०११ नंतरच्या काही वर्षांत ४० ते ५० टक्क्यांनी उतरला. इंधन नाही, कारखाने बंद, माणसं घरदार टाकून निघून गेलेली! त्याच काळात शेजारच्या लेबनॉनवर तो वाढला, कारण २०१४ पर्यंत तिथे दहा लाखांहून जास्त निर्वासित पोचले होते. माणसं कुठून कुठे गेली ते या वायूच्या नकाशात दिसतं. मला तो शांतपणे बघवत नाही.

वाटसरू: बरं, युद्ध सोडा. नुसती मंदी आली तर हवा सुधारते ना? ग्रीसमध्ये झालंच की तसं.

निळाई: अर्धंच झालं. २००८ नंतर अथेन्सवरचा नायट्रोजन डायऑक्साइड घटला, हे खरं. पण २०१२ च्या ऑक्टोबरात घर गरम ठेवायच्या तेलावरचा कर भरमसाठ वाढवला. पगार कापलेल्या लोकांनी शेकोट्या पेटवल्या: सरपण, जुनं फर्निचर, रंग दिलेल्या फळ्यासुद्धा. हिवाळ्यात रात्री अथेन्स आणि थेसालोनिकीवर धुराचा थर साचायचा. सूक्ष्म कण वाढले.

धूलिकण: निळाई, अगदी बरोबर. आणि हे कण नायट्रोजन डायऑक्साइडच्या नकाशात येतच नाहीत. सीरियाच्या पूर्व भागात तर लोक उघड्यावर टाक्यांमध्ये कच्चं तेल उकळून डिझेल काढत होते, खाली आग, वर काळाकुट्ट धूर, आणि त्यात राबणारी लहान मुलंही. ओमीच्या नकाशातला एक ठिपका कमीत कमी १३ बाय २४ किलोमीटरचा. एवढ्या मोठ्या सरासरीत टाकीजवळच्या मुलाच्या छातीत काय जातंय, ते कळणार कसं? वाटसरू, 'प्रदूषण घटलं' असं कुठे वाचलंत तर कोणतं आणि कशामुळे, हे दोन्ही आधी शोधा.