तरुण संघातली मुलं मला सांगतात, घरी सांगत नाहीत. आईवडिलांशी कसं बोलू?

प्रश्न (अहिल्यानगर)
सर्वांना सलाम. नोकरी सांभाळून चार वर्षं आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ बघतोय. आठवी ते बारावीची बावीस मुलं आहेत. डिसेंबरात कॅरलला फिरताना दहावीतल्या एकाने पेटी गाडीत ठेवता ठेवता हळूच सांगितलं, "दादा, सहामाहीत गणितात उडालो. प्रगतिपुस्तकावर सही मीच केली. घरी सांगू नका." मी हो म्हणालो.

जानेवारीत पूर्वपरीक्षेनंतर शाळेने आईला बोलावलं. त्या रविवारी उपासना सुटल्यावर ती दाराशी थांबली. नर्स आहे, नाइट करून तशीच आली होती. म्हणाली, "तुम्हाला महिनाभर माहीत होतं?" बस, एवढंच. मुलगा तेव्हापासून संघात येत नाही. पालकांशी माझा संबंध म्हणजे शिबिराची फी आणि ग्रुपवरचा मेसेज. सुरुवात कुठून करू?

उत्तर १ (श्रीरामपूर, पाळकांच्या पत्नी)
बाळा, सुरुवात घरभेटीने कर. आमचे पाळकसाहेब घरभेटीला गेले की पोराचा विषय पहिल्यांदा काढतच नसत. आजीचं दुखणं, पाण्याचे हाल, जे असेल ते ऐकायचे आणि प्रार्थना करून उठायचे. पोराची गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आईच काढायची. तक्रार घेऊनच दारात उभा राहशील, तर तुझी चप्पल दिसली की घर धास्तावेल.

आणखी एक. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात पहिलं वचन मुलांना आहे, आईबापांच्या आज्ञेत राहा; आणि चौथं बापांना, मुलांना चिरडीस आणू नका. संघात आपण पहिलंच पाठ करून घेतो. चौथं कधीतरी बापांबरोबर बसून वाच.

उत्तर २ (पुणे, दोन मुलांची आई)
त्या बाईंच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मुलाने तुम्हाला सांगितलं याचं वाईट नाही वाटत, उलट कुणीतरी आहे म्हणून बरं वाटतं. पण "मी सांगणार नाही" ऐवजी "आपण दोघं मिळून सांगू, मी शेजारी बसतो" म्हणायला हवं होतं. आणि शिबिराचा मेसेज नीट टाका हो: कुठे, परत किती वाजता, मुलींसोबत कोणत्या ताई. नुसतं "पाचगणी, २ दिवस" वाचून मी मुलीला पाठवलं नाही. ती आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.

उत्तर ३ (वसई, युवक संघात काम करतो)
गुप्ततेचं वचन आम्ही देतच नाही, आणि हे वर्षाच्या पहिल्याच सभेत पालक आणि मुलं दोघांसमोर सांगतो. मार्क, भांडण, मैत्री यात मुलाला आधी स्वतः बोलायची संधी देतो. पण जिवाला धोका वाटला तर लगेच घरी कळवतो. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, मग घरचे नको म्हणोत की आपल्यातले वडीलधारे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांकडे हवा.

प्रश्नकर्ता
काल सकाळी तिची ड्युटी सुटल्यावर घरी गेलो. आधी माफी मागितली, "मी सांगायला हवं होतं." तिने चहा ठेवला. मुलगा आतून ऐकत होता. गणितासाठी संघातली बीएस्सीची एक ताई मंगळवार-शुक्रवार त्यांच्याच घरी यायला तयार आहे, हे सांगितलं. आईने आत बघून विचारलं, "चालेल का रे?" तो पुस्तक घेऊन बाहेर आला.