एमजीबी हौसेने घ्या, ‘गुंतवणूक’ म्हणून नको

बर्मिंगहॅमकर
परवा एकाने लिहिलं, ‘इंग्लंडात असाल तर जुनी एमजीबी, म्हणजे एमजीची ती ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेऊन ठेवा, एफडीपेक्षा बरी. चाळीस वर्षं झाली की रोड टॅक्स माफ, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) माफ, लंडनात यूलेझ (प्रदूषण शुल्क) माफ.’ डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

तिन्ही माफ्या खऱ्या. पण एमओटी माफ म्हणजे दरवर्षी गाडीखाली वाकून बघणारा माणूस गेला. मी २०१९ मध्ये १९७२ची लाल, उघड्या छताची रोडस्टर ९,००० पौंडांना घेतली. क्रोम लखलखीत, इंजिन एका सेल्फमध्ये चालू. घरी आणून मागून जॅक लावला, तर दाराची फट डोळ्यांदेखत मिटत गेली. दार उघडेना! या गाडीला वेगळी चॅसी नाही, दाराखालच्या सिलवरच सगळा डोलारा. लोहचुंबक लावलं तर घरंगळून खाली. पत्रा नव्हताच, पुट्टी होती, वर रंग. दोन्ही बाजू कापून नवे सिल जोडायला ४,५०० गेले.

इंजिनाचं काय, १७९८ सीसीचं साधं बी-सिरीज, पार्ट आजही मिळतात. खरेदीला जाताना बॉनेट नंतर उघडा, आधी गुडघे टेका.

एफडीवाला मीच
चुंबक पैसे देऊन झाल्यावर लावलंत, यात गाडीचा काय दोष? माझी १९७३ची बंद छताची जीटी सहा वर्षं मख्खन चालतेय. आणि निदान मी १९७४ नंतरची काळ्या रबरी बंपरवाली घेतली नाही, अमेरिकेच्या नियमांपायी इंचभर उंच केलेली.

छत उघडं
दोघेही भांडू नका, मझ्दा एमएक्स-५ घ्या. १९८९ पासून हीच मजा, आणि पावसात मोजे कोरडे राहतात.

बर्मिंगहॅमकर
मोजे कोरडे राहतात, मान्य. एवढंच मान्य. आणि हो, जुन्या रबरी नळ्या बदलल्याशिवाय ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) पेट्रोल टाकू नका, सुपरवालं ई-५ घ्या.

पद्मिनीचा नातू
तुम्हाला ई-५ निवडायला तरी मिळतं! इथे पुण्यात पंपावर ई-२० गपगुमान भरायचं. आजोबांची १९८४ची पद्मिनी मी जिवापाड सांभाळली. गेल्या पावसाळ्यात कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी इतकी मऊ पडली की बोटाने दाबली तर चिरली. पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर ठिबकत होतं. आई मागच्या सीटवर होती.

फडातला
कोल्हापूरहून. एका नळीसाठी इथेनॉलला शिव्या? चाळीस वर्षांची नळी साध्या पेट्रोलनेही चिरते. इथेनॉलमुळे आमच्या उसाला चार पैसे आले, ते दिसत नाहीत.

पद्मिनीचा नातू
चार पैसे वेळेत आले का? कायद्याने चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, मिळायला हवा. माझ्या मामाचं बिल कारखान्याने दिवाळीनंतर दिलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

फडातला
मग कारखान्याशी भांडा, पेट्रोलशी कशाला? मामा ऊस लावतात आणि भाचा इथेनॉल नको म्हणतो, वा! पंधरा गुंठ्यांत ऊस लावून बघा एकदा, पाचटाने हात कापले की कळेल.

पद्मिनीचा नातू
हात माझेही कापलेत, सुट्टीत मोळ्या बांधल्यात. प्रश्न एवढाच आहे की जुन्या गाडीवाल्याला पर्याय का नाही.

फडातला
बरं बाबा, गाडीवाल्यांसाठी वेगळा पंप काढा, उद्घाटनाला ऊस आम्ही पाठवतो.

छत उघडं
एमजीबीपासून मोळीपर्यंत आलो. ‘एमजी म्हणजे हेक्टरवाली कंपनी ना’ असं अजून कोणी कसं विचारलं नाही?

बर्मिंगहॅमकर
नाव तेच, मालक आता चिनी. एमजीबी बनवणारा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्येच बंद झाला. मूळ प्रश्नावर या: एफडीवाले, तुमच्या जीटीला चुंबक लावलंत का?

एफडीवाला मीच
लावलं. डावीकडे घट्ट चिकटलं.

बर्मिंगहॅमकर
आणि उजवीकडे?

एफडीवाला मीच
तिकडे पाऊस पडत होता.