बीएला सायकॉलॉजी घेतलं तर पुढं काय? बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्यांनी सल्ला द्या

खानापूर_पालक
मुलगी पीयूसी (बारावी) आर्ट्स झाली, ८१ टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कन्नड बोलते, पण लिहिताना अडखळते. मानसशास्त्र घेऊन समुपदेशक व्हायचं म्हणते. बेळगावातच ठेवावी की धारवाड, कोल्हापूर बघावं? बीएवर नोकरी लागते का? आणि एम.ए. घरी बसून डिस्टन्सनं केलं तर चालेल का? खर्च वाचतो म्हणून विचारतोय.

धारवाड_लाईन
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथं चुकलं तर फी आणि दोन वर्षं दोन्ही पाण्यात. डिस्टन्सचा विचार सोडा. २०२१ च्या अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात मानसशास्त्र येतं. त्यामुळं यूजीसीनं म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा विषय दूरशिक्षण आणि ऑनलाईन पद्धतीनं शिकवायला बंदी केली. आधी प्रवेश घेतलेल्यांना पुरं करता येतं, नव्यांना नाही. कुणी 'अजून सीट आहे' म्हणालं तर पावती फाडण्याआधी यूजीसीची सूचना त्याच्यासमोर ठेवा.

नुसत्या बीएवर 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून नोकरी नाही. बँक, स्पर्धा परीक्षा, बी.एड., एमएसडब्ल्यू, एमबीए अशा, कुठल्याही पदवीला उघड्या असलेल्या वाटा तिलाही उघड्या राहतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत एचआरला जायचं असेल तरी एमएसडब्ल्यू किंवा एमबीएवाल्याला आधी घेतात.

अनगोळ४
एवढं घाबरवू नका हो. बीए करून सहा महिन्यांचा काउन्सेलिंगचा सर्टिफिकेट कोर्स केला की बोर्ड लावता येतो. बरेच जण लावतात.

धारवाड_लाईन
लावतात, पण बोर्डावर काय लिहितात ते बघा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची म्हणजे आरसीआयची नोंदणी आणि तिच्या नोंदवहीतला सीआरआर नंबर लागतो. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर १९९२ च्या आरसीआय कायद्याच्या कलम १३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, कैद किरकोळ नाही. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटनं आरसीआयचा नंबर मिळत नाही. साधं एम.ए. सायकॉलॉजी करूनही मिळत नाही, आणि हे पुष्कळांना एम.ए. झाल्यावर कळतं.

आजवरचा रस्ता असा होता: एम.ए.ला ५५ टक्के, मग प्रवेश परीक्षा, मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचं क्लिनिकलचं एम.फिल. आपल्याला जवळची मानसिक आरोग्य संस्था म्हणजे धारवाडचं डिमहान्स, मोठी म्हणजे बेंगळूरूचं निम्हान्स. पण यूजीसीनं या एम.फिल.ला २०२५-२६ च्या सत्रापर्यंतच मुदतवाढ दिली होती. तुमची मुलगी तिथं पोचेल तेव्हा तो रस्ता असेल असं धरून चालू नका. आरसीआयच्या साईटवर मान्य संस्थांची यादी असते. त्यात कोर्सचं नाव, जागा आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत ते दिलेलं असतं. बीएच्या दुसऱ्या वर्षात एकदा आणि शेवटच्या वर्षात एकदा ती यादी उघडायची. माहितीपत्रकात 'आरसीआय पॅटर्न' लिहिलंय म्हणून भुलू नका, यादीत नाव पाहिजे.

टिळकवाडीकर
बेळगाव की कोल्हापूर याबद्दल. कर्नाटकानं २०२४-२५ पासून चार वर्षांचं ऑनर्स काढून पुन्हा तीन वर्षांची डिग्री केली. महाराष्ट्रात तीन किंवा चार. तिकडं चार केली तर एम.ए. एक वर्षाचं, इकडं तीन केली तर एम.ए. दोन वर्षांचं. बेरीज पाचच. फरक एवढाच की चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.ए.शिवाय नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसता येतं.

माझं मत विचाराल तर बीए घराजवळ, एम.ए.ला बाहेर. बीएच्या वयात हॉस्टेलवर घालायचा पैसा एम.ए.साठी राखा.

अजून एक. सीमावादातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या सीईटी सेलमध्ये सीमाभागाचा वेगळा प्रकार आहे, म्हणून काही पालक निर्धास्त असतात. तो इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या सीईटीतून होणाऱ्या प्रवेशांना. बीए-एम.ए. सायकॉलॉजी त्या खिडकीतून होत नाही, तिथं त्या त्या विद्यापीठाचा नियम बघावा लागतो.

निपाणी_मास्तर
समुपदेशकच व्हायचं असेल तर क्लिनिकल हा एकमेव मार्ग नाही. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो. एनसीईआरटीचा गायडन्स-काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे: सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. आपल्याला केंद्र म्हैसूरच्या रिजनल इन्स्टिट्यूटचं. सरकारी आरोग्य खात्यात आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्र), किशोर आरोग्य आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांच्या जागा निघतात, बहुतेक कंत्राटी.

आता खरी गोम. जाहिरात कन्नडमध्ये असते आणि त्यात 'काउन्सेलर' शब्द नसतो, 'आप्त समालोचक' असतो. तो शब्द माहीत नसेल तर जाहिरात डोळ्यांसमोरून निघून जाते. किशोरवयीनांचं क्लिनिक महाराष्ट्रात 'मैत्री', इकडं 'स्नेहा'. कायम सरकारी पदांना सक्तीचा कन्नड पेपरही पास व्हावा लागतो, १५० पैकी ५०.

पेशंटसमोर तर आणखी सांभाळायला पाहिजे. कन्नडमध्ये 'आतंक' म्हणजे अस्वस्थता, काळजी. आपण ऐकतो दहशत. 'खिन्नते' म्हणजे आपलं नैराश्य, मराठीतली तासाभराची खिन्नता नव्हे. वहीत तीन रकाने करा: इंग्रजी, मराठी, कन्नड. बीए संपेपर्यंत दोनशे शब्द झाले तरी पुष्कळ. लिहिताना अडखळते म्हणालात, तर रोज अर्धं पान कन्नड पेपर मोठ्यानं वाचून उतरवून काढू दे.

सायको_लॅब
सगळे नोकरीवर बोलताहेत, प्रॅक्टिकलवर कुणीच नाही. बीएचे मार्क तिथं जातात आणि एम.ए.च्या मुलाखतीतही तिथूनच विचारतात.

म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाच्या प्रयोगाचं उदाहरण घ्या. एका रेषेची टोकं बाणासारखी, ती ठरलेल्या लांबीची. दुसरीची पिसासारखी, ती सरकवून पहिलीएवढी करायची. पिसाची रेषा लांब वाटते म्हणून माणूस ती आखूड ठेवतो. ठरलेल्या लांबीतून सरासरी वजा केली की भ्रम किती ते निघतं. वीस प्रयत्न असतील तर दहा वेळा सरकती रेषा डावीकडं, दहा वेळा उजवीकडं. प्रत्येक दहात पाच वेळा आखूडपासून वाढवत, पाच वेळा लांबपासून कमी करत. हे अशासाठी की डोळ्याला एका बाजूची सवय असते आणि हातही एकाच दिशेनं पुढं जात राहतो. दोन्ही चुका एकमेकींना खातात, उरतो तो भ्रम.

मुलं चुकतात कुठं? बोर्ड फिरवून मागची मोजपट्टी प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला, दिसू देतात. 'हा भ्रम आहे बरं का' असं आधीच सांगून टाकतात. प्रयोगानंतर प्रयुक्ताला काय वाटलं ते लिहीतच नाहीत. आणि वीसच्या वीस रीडिंग जवळजवळ एकसारखी आली की परीक्षक जर्नल बघताक्षणी ओळखतो, घरी बसून भरलंय.

संख्याशास्त्र टाळू नका. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि टी-टेस्ट एकदा तरी हातानं सोडवावं, मग जामोवी या सॉफ्टवेअरवर. ते फुकट आहे. सहसंबंध आला म्हणून कारण सापडलं असं लिहिलं की मार्क गेलेच.

चाचण्यांबद्दल एक आपल्या भागातलं: बिने बुद्धिमत्ता चाचणीचं कामतांनी केलेलं रूप कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच होतं, त्यावरचा त्यांचा लेख १९३४ चा. म्हणजे आपलीच पोरं. पण इतक्या जुन्या मापानं आजच्या मुलाचा बुद्ध्यंक मोजला तर तो फुगून येतो, हे मुलाखतीत सांगता आलं पाहिजे.

खानापूर_पालक
सगळ्यांचे आभार. पुढं कॉलेजात शिकवायचं ठरलं तर नेटच द्यावी लागते का?

टिळकवाडीकर
नेट किंवा सेट. पण सेट त्या त्या राज्यापुरती. के-सेट झाली तर कर्नाटकातच चालते, कोल्हापुरात नाही. एम-सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. आपण हद्दीवरचे, म्हणून नेट बरी. दोन पेपर मिळून दीडशे प्रश्न, तीन तास, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणजे एकही रिकामा सोडायचा नाही.

खानापूर_पालक
सोमवारी कॉलेजात चौकशीला जातोय. काय विचारू?

सायको_लॅब
सहाही सत्रांत मानसशास्त्र आहे का. आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती. पूर्णवेळ शिक्षक किती, गेस्ट किती. मग म्हणा, लॅब दाखवा. चाचण्यांच्या कपाटाची किल्ली शोधायला पंधरा मिनिटं लागली, तर दुसरं कॉलेज बघा.